जुन्या जीप-पिकअपचे स्टिअरिंग: दुरुस्ती चाकापासून सुरू करा, बॉक्सपासून नव्हे

विलिज घराण्यातील जुन्या जीपचे, किंवा तिच्या चासीवर बांधलेल्या पिकअपचे, स्टिअरिंग सैल झाले की बहुतेक गॅरेजमध्ये पहिला पाना स्टिअरिंग बॉक्सच्या, म्हणजे चक्राची फिरकी चाके वळवणाऱ्या दांड्यांना देणाऱ्या पेटीच्या, बाजूच्या स्क्रूला लागतो. स्क्रू आवळला की हाताला प्ले (सांध्यांतली मोकळी हालचाल) कमी जाणवतो, मालक समाधानाने निघतो, आणि महिन्याभरात गाडी पुन्हा रस्ताभर फिरू लागते. आता मात्र वळणावरून सरळ होताना स्टिअरिंग आपोआप परतही येत नाही. याचे कारण असे की या गाड्यांतला प्ले एका जागी नसतो. हब (चाकाचा मधला फिरता भाग), किंगपिन (ज्याभोवती चाक वळते तो उभा खिळा), पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश, बेलक्रँक (ड्रॅगलिंकचा जोर टायरॉडना देणारी फिरती भुजा), टायरॉडचे (बेलक्रँकपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे) सांधे, ड्रॅगलिंक (बॉक्सकडून बेलक्रँककडे जाणारी दांडी) आणि शेवटी बॉक्स अशा साखळीत तो थोडाथोडा साचलेला असतो आणि बॉक्सचा वाटा अनेकदा सगळ्यांत लहान असतो. म्हणून काम जमिनीकडून वर, चाकापासून बॉक्सकडे करायचे, आणि पॉवर स्टिअरिंगसारखी सुधारणा त्यानंतरच हाती घ्यायची. हा क्रम उलटा केला तर नव्या भागांवर केलेला खर्च जुन्या ढिल्या सांध्यांत जिरतो.

पुढील मांडणी रॉस पद्धतीचा कॅम-लिव्हर बॉक्स, पुढच्या क्रॉसमेंबरवरील (चासीच्या आडव्या तुळईवरील) बेलक्रँक आणि दोन वेगळे टायरॉड असलेल्या गाड्यांसाठी आहे. तुमच्या गाडीत आधीच कोणी दुसरा बॉक्स बसवला असेल तर सातवा टप्पा सोडून बाकी सर्व टप्पे मुख्यतः लागू पडतात.

सुरुवातीपूर्वी: कागद, जागा आणि हत्यारे

मूळ रचना ठेवायची की बदलायची, हे पाना हातात घेण्यापूर्वी ठरवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल न झालेले दुचाकी अथवा चारचाकी वाहन विंटेज म्हणून नोंदवता येते आणि त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. असे वाहन रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ही नोंदणी हवी असेल तर चासीला नवा बॉक्स बसवण्यासाठी कापाकापी आणि वेल्डिंग करणे म्हणजे आपल्याच हाताने दार बंद करणे. साध्या नोंदणीवर चालणाऱ्या गाडीलाही मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू असते, म्हणून रचना बदलणार असाल तर आरटीओकडे आधी विचारणा करावी आणि उत्तर लेखी घ्यावे.

जागा सपाट आणि पक्की हवी. मातीच्या अंगणात जॅक रुततो आणि टोचे (पुढची चाके आत किती वळलेली आहेत त्याचे) मापही चुकते. हत्यारांमध्ये दोन भक्कम घोड्या, ड्रॉप आर्मचा (बॉक्सबाहेर येऊन ड्रॅगलिंक हलवणाऱ्या भुजेचा) पुलर म्हणजे ओढून काढायचे हत्यार, टायरॉड एन्डचा पुलर, डायल गेज, फीलर गेज, स्प्रिंगचा ताणकाटा, टॉर्क पाना, ग्रीस गन आणि धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल लागते. नव्या स्प्लिट पिनांची (नट सुटू नये म्हणून घालायच्या दुभंगलेल्या पिनांची) पुडी आधीच आणून ठेवा, कारण ऐनवेळी जुनी पिन सरळ करून परत घालण्याचा मोह होतो आणि स्टिअरिंगमध्ये तो परवडत नाही.

टप्पा १: गाडी न उचलता तपासणी

टायरांत योग्य हवा भरा, चाके सरळ ठेवा, इंजिन बंद ठेवा. एकाने स्टिअरिंगवर बसून ते डावीकडे-उजवीकडे हलवत राहावे, पण चाके वळतील इतके नाही, फक्त प्ले संपेल इतकेच. दुसऱ्याने गाडीखाली जाऊन प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. डोळ्यांपेक्षा बोटांना इथे जास्त कळते: सांध्याचा एक भाग हलतो आणि दुसरा उशिरा हलतो, तो उशीर बोटांना ठळक जाणवतो.

क्रम असा ठेवा: ड्रॉप आर्म, ड्रॅगलिंकचे मागचे टोक, पुढचे टोक, बेलक्रँक, दोन्ही टायरॉडची चारही टोके, नकल (एक्सलच्या टोकाचा, चाकासह वळणारा भाग). बेलक्रँककडे विशेष लक्ष द्या. ती फिरण्याआधी वर-खाली डुलते का, आणि तिची पिन क्रॉसमेंबरच्या भोकात हलते का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. स्टिअरिंग बॉक्स चासीवर सरकत असेल तर त्याचे बोल्ट किंवा बोल्टांभोवतीची चासी तपासा. तिथे केसासारखी तडा अनेकदा चिखल आणि रंगाखाली लपलेली असते, म्हणून तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय चासी ठीक आहे असे म्हणू नका.

पडताळा: प्रत्येक सांध्याचे निरीक्षण वहीत लिहा. काम संपल्यावर हीच तपासणी याच क्रमाने पुन्हा करायची आहे.

टप्पा २: उचलणे, खुणा करणे, खोलणे

मागच्या चाकांना अडथळे लावा, पुढचा एक्सल जॅकने उचला आणि गाडी घोड्यांवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

खोलण्याआधी ड्रॉप आर्म आणि तिच्या शाफ्टवर पंचने समोरासमोर एकेक ठिपका मारा. टायरॉडची मूळ लांबी एका टोकाच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या मध्यापर्यंत मोजून लिहून ठेवा. ड्रॅगलिंकच्या टोकांतून स्प्रिंग, बॉलच्या वाट्या आणि प्लग कोणत्या क्रमाने बाहेर आले, याचे मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही टोकांतील क्रम सारखा नसतो आणि उलटा बसवला तर झटका भलत्याच बाजूने झेलला जातो.

सावधान: ड्रॉप आर्म निघत नाही म्हणून शाफ्टच्या टोकावर घण घालू नका. तो मार सरळ आतल्या लिव्हरच्या खुंट्यांवर आणि बुशांवर पोचतो. गॅसने आर्म लाल करूनही काढू नका, पोलादाचा कस उतरतो. पुलर लावून ताण द्या, गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी आर्मच्या डोळ्याच्या बाजूवर हलका ठोका द्या.

टप्पा ३: हब आणि किंगपिन

चाक वर-खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर एकाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. ही साधी चाचणी न करता किंगपिनचा संच बदलणारे बरेच आहेत.

व्हील बेअरिंग धुऊन, नवे ग्रीस भरून, चाक अडेपर्यंत नट आवळा आणि मग सुमारे एक षष्ठांश फेरा सैल करा. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि आडवे हलता कामा नये.

चारचाकी-ड्राइव्हच्या पुढच्या एक्सलमध्ये नकल वर आणि खाली टेपर रोलर बेअरिंगवर फिरते आणि तिचा ताण टोपीखालच्या शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) ठरतो. तेलाचे सील काढून, टायरॉड सोडवून, टायरॉडच्या भोकात ताणकाटा अडकवा आणि नकल सावकाश ओढा. काटा १.८ ते २.७ किलोच्या दरम्यान दिसला पाहिजे. कमी दिसला तर शिम काढा, जास्त दिसला तर वाढवा, आणि शक्यतो वर-खाली सारख्याच जाडीचा बदल करा, म्हणजे नकल मध्यावर राहील. सील लावलेले असताना घेतलेले माप निरुपयोगी असते, कारण मग काटा सीलचे घर्षणही मोजतो. बेअरिंगच्या कपावर रोलरच्या आकाराचे खळगे पडले असतील तर कितीही शिम बदलल्या तरी स्टिअरिंग मध्यावर अडखळेल. तिथे बेअरिंग आणि कप दोन्ही बदलावे लागतात.

पुढच्या चाकांची थरथर, म्हणजे एका ठरावीक वेगाला स्टिअरिंग हातातून निसटेल इतके हलणे, ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीत मी सर्वांत आधी इथेच पाहतो.

टप्पा ४: पाटे आणि एक्सलची बैठक

हा टप्पा छोटा आहे, पण वगळू नका. शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश झिजले असतील तर पूर्ण एक्सल आडवा सरकतो आणि तो प्ले स्टिअरिंगचाच वाटतो. यू-बोल्ट आवळलेले आहेत का आणि पाट्यांची मधली पिन तुटलेली नाही ना, ते पाहा. कास्टर सुमारे ३ अंश हवा, म्हणजे किंगपिनचे वरचे टोक किंचित मागे झुकलेले. गाडी उंच करण्यासाठी पाटे बदलले असतील किंवा लांब शॅकल घातले असतील तर हा कोन बहुधा बिघडलेला असतो आणि स्टिअरिंग परत न येण्याचे तेही एक मोठे कारण आहे. एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये पाचर बसवून तो सुधारता येतो. कॅम्बर (चाकाचा वरच्या बाजूने बाहेर झुकण्याचा कोन) १.५ अंश असतो, पण तो बदलण्याची सोय या एक्सलमध्ये नाही. तो चुकला असेल तर एक्सल वाकला आहे असे समजून चांगल्या अलाइनमेंटच्या दुकानात मोजून घ्या.

टप्पा ५: बेलक्रँक

या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जास्त झिजणारा भाग हाच. ड्रॅगलिंकचा सगळा जोर आणि दोन्ही चाकांचे सगळे धक्के एका उभ्या पिनेवर येतात, आणि ती पिन चिखल उडतो अगदी त्याच जागी असते.

पिन काढल्यावर मायक्रोमीटरने तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजा. ती नेहमी एकाच बाजूला झिजते, म्हणून एका दिशेचे माप फसवते. पिन झिजली असेल आणि फक्त बुश बदलला तर प्ले निम्माच जातो. पिन आणि बुश जोडीनेच बदला, आणि नवा बुश प्रेस केल्यानंतर रीमरने (भोक अचूक करणाऱ्या हत्याराने) मापाला आणा, कारण प्रेस केल्यावर बुशचे आतले माप आकसते. ग्रीसचे भोक निप्पलसमोर (ग्रीस भरायच्या तोंडासमोर) आले आहे का, ते बुश आत ढकलण्याआधी पाहा.

यात पहिली खरी सुधारणा करता येते: बुशच्या जागी निडल बेअरिंग. ती मी मनापासून सुचवतो, पण एका अटीवर. निडल बेअरिंगखालची पिन केस हार्डन करून ग्राइंड केलेली, म्हणजे वरचा थर कठीण करून मापाला घासलेली, हवी. लेथवर साध्या पोलादाची पिन करून त्यावर निडल बेअरिंग बसवली तर सुया थोड्याच दिवसांत पिनेवर रेघा कोरतात आणि प्ले आधीपेक्षा वाढतो. टर्नरला काम देताना ‘हार्डन आणि ग्राइंड’ हे शब्द चिठ्ठीवर लिहून द्या.

क्रॉसमेंबरचे भोक लंबगोल झाले असेल तर त्यात पत्र्याची पट्टी ठोकणे हा उपाय नव्हे. भोक बोअर करून गोल करावे, त्यात योग्य मापाची स्लीव्ह बसवावी आणि मगच पिन घालावी. स्लीव्ह वेल्ड करायची असेल तर आधी नवी बेलक्रँक आणि तिचे बेअरिंग काढून बाजूला ठेवा.

पडताळा: बसवलेली बेलक्रँक एका बोटाने फिरली पाहिजे, पण तिच्या टोकाला पकडून वर-खाली ढकलल्यावर हालचाल जाणवता कामा नये.

टप्पा ६: टायरॉड आणि ड्रॅगलिंक

टायरॉड एन्ड सैल असेल तर दुरुस्त करू नका, बदला. नवे एन्ड दुसऱ्या मॉडेलचे घेतले असतील तर टेपर (निमुळता भाग) जुळतो का, ते निळा रंग लावून तपासा: टेपरवर पातळ थर द्या, भोकात बसवा, थोडे फिरवून काढा. भोकावर रंग सगळीकडून सारखा उमटला पाहिजे. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला उमटला तर तो एन्ड तिथे बसवू नये, नट कितीही आवळला तरी तो आत डुलत राहतो आणि एक दिवस मानेजवळ तुटतो. भोक मोठे करायचे असेल तर योग्य टेपरच्या रीमरनेच करा, ड्रिलने नाही.

नट आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा. मागे सैल करून कधीही नाही.

ड्रॅगलिंकच्या टोकांचे समायोजन सरळ आहे, तरी वारंवार चुकते. पुढच्या टोकाचा प्लग बॉलवर घट्ट टेकेपर्यंत फिरवा आणि अर्धा फेरा मागे घ्या. ड्रॉप आर्मच्या बाजूचा प्लग घट्ट टेकवून पूर्ण एक फेरा मागे घ्या. मग नवी स्प्लिट पिन घाला. प्लग पूर्ण आवळून ठेवला तर आतली स्प्रिंग बंद होते, चाकाचा प्रत्येक धक्का थेट बॉक्सच्या खुंट्यांवर जातो आणि बॉल आपल्या वाटीत अडकून स्टिअरिंग जड करतो. बॉल अंडाकृती झाला असेल तर समायोजनाचा काहीही उपयोग नाही, कारण मध्यावर ठीक वाटणारा सांधा वळणावर आवळून बसेल.

टप्पा ७: रॉस बॉक्स

आता बॉक्स. यात स्टिअरिंगच्या लांब शाफ्टच्या टोकाला सर्पिल खाच असलेला कॅम एकसंध असतो. त्या खाचेत लिव्हरच्या दोन निमुळत्या खुंट्या चालतात आणि लिव्हरच्याच शाफ्टवर ड्रॉप आर्म बसते. काही गाड्यांत हॉर्नची वायर शाफ्टच्या पोकळीतून जाते. बॉक्स ओढण्याआधी ती सोडवा. कॅमच्या दोन्ही टोकांना छर्ऱ्यांच्या बेअरिंग असतात, म्हणून बॉक्स उघडताना खाली स्वच्छ कापड अंथरा.

सगळे भाग धुऊन कोरडे करा आणि कॅम उजेडात धरून मधल्या खाचेवर टॉर्चचा प्रकाश तिरका पाडा. चांगल्या कॅमची भिंत सलग, राखी आणि मऊ चमकेची दिसते. झिजलेल्या कॅमवर बरोबर सरळ चालण्याच्या जागी एक चकचकीत पट्टा दिसतो, नखाला त्याची कड लागते, आणि आवळून वापरलेल्या बॉक्समध्ये तिथे वरचा कठीण थर पापुद्र्यासारखा सुटलेला असतो. आता खुंट्या पाहा. गोल निमुळत्या खुंटीवर एक सपाट पैलू पडला असेल तर तो लिव्हर गेला. कॅमचा थर सुटला असेल तर कॅमही गेला. असे भाग शिम आणि स्क्रूने सावरता येत नाहीत.

लिव्हर शाफ्टचे बुश डायल गेज लावून तपासा. शाफ्ट खाली-वर हलवल्यावर काटा स्पष्ट हलत असेल तर बुश बदला, आणि दोन्ही बुश एकाच रेषेत रीम करून घ्या. एकेक वेगळा रीम केला तर शाफ्ट तिरका बसतो आणि खालचे सील पुन्हा गळते. सील नवेच घाला.

समायोजनाचा क्रम मोडू नका:

१. बाजूच्या झाकणावरील स्क्रू पूर्ण सैल करा, म्हणजे खुंट्यांचा दाब कॅमवर राहणार नाही.

२. वरच्या झाकणाखालील शिम एकेक करून काढा, प्रत्येक वेळी बोल्ट आवळून शाफ्ट फिरवून पाहा. शाफ्टचा लांबीतला प्ले नुकताच संपला पाहिजे आणि फिरवताना अगदी हलका अटकाव जाणवला पाहिजे. त्याहून जास्त नाही.

३. शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा आणि बरोबर अर्ध्यावर आणा. कॅमची खाच मध्यावर मुद्दाम थोडी उथळ असते, म्हणून समायोजन फक्त इथेच करायचे.

४. बाजूचा स्क्रू हळूहळू आत घ्या. मध्यबिंदू ओलांडताना किंचित अटकाव जाणवला की थांबा आणि लॉकनट आवळा. दोन्ही टोकांकडे शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे.

सावधान: हे सर्व ड्रॅगलिंक सुटलेली असतानाच करा. चाके जोडलेली असताना हा हलका अटकाव हाताला कळूच शकत नाही, आणि स्क्रू जास्त आवळला जाण्याचे खरे कारण तेच आहे.

पडताळा: टोकांकडे बॉक्स अडतो आणि मध्यावर सैल वाटतो, म्हणजे मध्यभाग झिजलेला आहे. अशा बॉक्सचा मध्य आवळून ठीक केला तर वळणावर तो अडकेल. हा बॉक्स रस्त्यावर न्यायचा नाही.

बॉक्समध्ये साधे चाकाचे ग्रीस भरू नका. खुंट्या ते एकदा बाजूला ढकलतात आणि ते परत खाचेत येत नाही, त्यामुळे भरलेल्या बॉक्सचा कॅमही कोरडा चालतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेले गिअर ऑइल घाला. नवे सील घालूनही थोडे पाझरत असेल तर ०० दर्जाचे पातळ, वाहते ग्रीस चालते.

टप्पा ८: जोडणी आणि टो

दोन टायरॉडच्या रचनेत टो नेहमीच्या पद्धतीने, एकच रॉड फिरवून, लावला तर बेलक्रँक तिरकी राहते आणि गाडी एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी वळते. म्हणून आधी बेलक्रँक एक्सलला काटकोनात आणा आणि तिथेच धरून ठेवा. एक सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी डाव्या मागच्या टायरला लावून डाव्या पुढच्या टायरपर्यंत न्या. पुढचा टायर पुढे आणि मागे दोन्हीकडे टेकेपर्यंत डावा टायरॉड फिरवा. उजव्या बाजूलाही तसेच करा. मागच्या दोन चाकांमधले आणि पुढच्या दोन चाकांमधले अंतर वेगळे असेल तर तो फरक दोरी लावताना धरावा लागतो.

दोन्ही चाके सरळ झाल्यावर टायरॉड किंचित कमी-जास्त करून १.२ ते २.४ मिलिमीटर टो-इन द्या, म्हणजे टायरांमधले पुढचे अंतर मागच्यापेक्षा तेवढे कमी. माप हबच्या उंचीवर घ्या. ड्रॅगलिंक यानंतरच जोडा: बॉक्स मध्यावर, चाके सरळ, आणि ड्रॉप आर्म पंचच्या खुणेवर. स्टिअरिंगचे चक्र वाकडे दिसत असेल तर चक्र पुलरने काढून शाफ्टवर सरळ बसवा. टायरॉड फिरवून चक्र सरळ करणे म्हणजे बॉक्स कायमचा मध्यावरून हटवणे.

पडताळा: पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. दोन्ही वेळा नकलवरचे थांबे आधी टेकले पाहिजेत, बॉक्स आतून अडता कामा नये. ब्रेकचे होज कुठे ताणले किंवा घासले जात नाहीत ना, तेही आताच पाहा.

टप्पा ९: सुधारणा, खरोखर हवी असेल तर

इथपर्यंतचे काम नीट झाले असेल तर थांबून काही दिवस गाडी चालवा. मूळ ६.०० × १६ मापाचे अरुंद टायर असलेली पिकअप चालत असताना हाताला हलकी लागते आणि बेलक्रँकवरची निडल बेअरिंग हीच पुरेशी सुधारणा ठरते. रुंद टायर आणि बाहेर काढलेल्या रिम हे जडपणाचे मूळ असेल तर रिम बदलणे कोणत्याही पॉवर स्टिअरिंगपेक्षा स्वस्त आणि सुरक्षित आहे. पेट्रोल इंजिनाच्या जागी जड डिझेल बसवलेल्या आणि माल वाहणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी दोन मार्ग उरतात.

हायड्रॉलिक पॉवर बॉक्स: परदेशात जीपसाठी मिळणारे बहुतेक तयार संच डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी असतात, ते आपल्या उजव्या बाजूच्या गाडीला सरळ बसत नाहीत. म्हणून इथल्या उजव्या बाजूच्या गाडीचा बॉक्स घ्यावा. बसवण्याआधी तो टेबलावर फिरवून ड्रॉप आर्म कोणत्या दिशेला जाते ते पाहा. दिशा उलटी निघाली तर चाके उलटी वळतील, आणि ही चूक वेल्डिंग झाल्यावर लक्षात आलेली उदाहरणे आहेत. जुन्या जीपची चासी पातळ उघड्या चॅनेलची असते आणि पॉवर बॉक्सचा जोर तिला पिळतो. बॉक्सच्या जागी चॅनेल आतून पट्टीने बंद करावे, बोल्ट पोकळ नळ्यांतून न्यावेत आणि बॉक्सपासून समोरच्या चासीपर्यंत आडवा आधार द्यावा. ड्रॅगलिंकचा कोन पाट्यांच्या हालचालीशी जुळला पाहिजे. तपासण्यासाठी गाडी जमिनीवर उभी करून बंपर दाबून खाली-वर करा: स्टिअरिंगचे चक्र स्वतःहून फिरू लागले तर कोन चुकला आहे. शेवटी, इंजिन बंद, चाके वर, चक्र टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवून हवा काढा आणि टाकीत तेल भरत राहा. इंजिन चालू झाल्यावर चक्र टोकाला दाबून धरू नका, पंप तापतो.

कॉलमवरचे इलेक्ट्रिक स्टिअरिंग: चासीला हात लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण रॉसचा शाफ्ट आणि कॅम एकसंध असल्याने मोटर बसवायला शाफ्ट कापावाच लागतो, आणि कापलेला शाफ्ट पूर्ववत होत नाही. म्हणून दुसरा शाफ्ट मिळवा आणि मूळ शाफ्ट जपून ठेवा. जोड स्प्लाइनचा असावा. रस्त्याकडेच्या वेल्डरकडून दोन शाफ्ट टोकाला टोक लावून जोडून घेणे हे जिवाशी खेळणे आहे. मोटरची सगळी ताकद त्याच दोन खुंट्यांवर येणार आहे, तेव्हा झिजलेल्या बॉक्सवर हे मुळीच बसवू नका. जुना डायनामो ही विजेची मागणी पेलत नाही. १२ व्होल्टची व्यवस्था, अल्टरनेटर, बॅटरीपासून स्वतंत्र जाड केबल आणि फ्यूज हे सगळे आधी हवे.

पडताळा: कोणताही मार्ग निवडला तरी सहाय्य बंद करून, म्हणजे इंजिन बंद करून किंवा फ्यूज काढून, मोकळ्या मैदानात गाडी वळवून पाहा. जड लागली तरी चालेल, पण अडकता कामा नये.

टप्पा १०: रस्त्यावर

पहिली फेरी मैदानात, माल न भरता घ्या. संथ वेगात पूर्ण वळण घेऊन हात सैल सोडा: चक्र स्वतःहून मध्याकडे यायला लागले पाहिजे. येत नसेल तर बॉक्सचा स्क्रू, किंगपिनचा ताण आणि कास्टर याच क्रमाने पुन्हा तपासा. मग सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरपर्यंत जा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा. ओढ बदलली तर दोष टायरचा, नाही बदलली तर ब्रेक किंवा एक्सलचा.

चक्राच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटरचा प्ले रॉस बॉक्समध्ये राहतोच. तो घालवायला पुन्हा स्क्रू आवळू नका.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, ड्रॉप आर्मचा नट, बॉक्सचे चासीवरचे बोल्ट आणि टायरॉडचे क्लॅम्प टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, आणि पहिल्या टप्प्यातील वही उघडून तीच तपासणी त्याच क्रमाने करा. ५०० किलोमीटरनंतर टो पुन्हा मोजा, कारण नवे बुश तोपर्यंत बसलेले असतात, आणि सर्व निप्पलांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा. बेलक्रँकच्या निप्पलला मात्र प्रत्येक पावसाळी फेरीनंतर ग्रीस द्या.